गावाकडच्या बाजूचा गॅप

"गॅप दिसला का रे?" मी विचारलं.

रघुनाथनं कपाळावर हात आडवा धरून वर पाहिलं. मे महिन्याचं ऊन, डोळे उघडे ठेवणं मुश्कील.

"दखायना, भाऊ." त्याच्या अहिराणीत दखायना म्हणजे दिसला.

"नीट बघ. एखादी पाती चिकटून नाही ना राहिली?"

"नही भाऊ. तिन्ही मोकळ्या शेतस."

तरी मी स्वतः खांबाला वळसा घालून दुसऱ्या बाजूनं पाहिलं. तिन्ही पात्या उघड्या होत्या. प्रत्येकीच्या आणि तिच्या खोबणीच्या मध्ये हातभर आकाश दिसत होतं. मग मी हँडलला कुलूप घातलं, चावी शर्टाच्या खिशात टाकली आणि खिशाचं बटण लावलं.

हे सगळं काय चाललं होतं ते आधी सांगतो. गावाकडं जाणाऱ्या अकरा हजार व्होल्टच्या लाइनवर मध्ये एका दुहेरी खांबावर एबी स्विच असतो. एबी म्हणजे एअर ब्रेक. घरातलं बटण बंद केलं की आत काय झालं ते दिसत नाही, बटणावर विश्वास ठेवावा लागतो. एबी स्विचचं तसं नाही. खाली हँडल ओढलं की वर तीन पात्या उघडतात आणि तारेत उघडउघड खंड पडतो. पलीकडं करंट, अलीकडं काही नाही, मधे फक्त हवा. ती हवा डोळ्यांनी बघितल्याशिवाय खांबावर चढायचं नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. त्या हवेलाच आम्ही गॅप म्हणतो.

माझी उभी नोकरी या एका शब्दावर गेली. तसं पाहिलं तर गॅप सगळ्यांकडंच असतो. धुळ्यात आमच्या गल्लीतला स्कूटरवाला प्लगचा गॅप ब्लेडनं साफ करायचा. माझी बायको दोन पोरांमधला गॅप हिशोबानं सांगायची. आमच्या ऑफिसला मात्र साधं बोलायचं वावडं. लोक म्हणायचे 'लाइट गेली', ऑफिसच्या बोर्डावर लिहिलेलं असायचं 'पुरवठा खंडित'. बाकीच्यांना गॅप म्हणजे काहीतरी राहून गेलेलं, कमी पडलेलं, भरून काढायचं असलेलं वाटतं. खांबावर चढणाऱ्याचं उलटं असतं. त्याला गॅप भरपूर मोठा आणि स्वच्छ हवा असतो, कारण त्याचा संसार त्या गॅपवर उभा असतो.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटाशेवटाची ही गोष्ट. मी मूळचा धुळ्याचा, पण तेव्हा जामनेरला लाइनमन होतो. माझा हेल्पर रघुनाथही धुळ्याकडचाच. माझ्याच वयाचा, दोन पोरांचा बाप. त्याची अहिराणी ऐकून जामनेरची माणसं गालात हसायची आणि त्यांची बोली ऐकून रघुनाथ. आम्हा दोघांकडं पहूरच्या पुढची काही गावं होती. आदल्या दिवशी संध्याकाळी वावधन आलं. वावधन म्हणजे आमच्याकडचं वादळ, पाऊस थोडा आणि वारा फार. केळीच्या बागा आडव्या झाल्या. आमच्या लाइनवर एका गावाच्या शिवेवर कडुनिंबाची मोठी फांदी पडली आणि तीन तारांपैकी एक तार खांबाजवळच तुटली. गाव रात्रभर अंधारात.

दुसऱ्या दिवशी नेमकं त्या गावात लग्न होतं.

सकाळी ऑफिसात गेलो तर नवरीचे वडील आमच्या आधी येऊन बसलेले. त्यांना सगळा गाव नाना म्हणायचा. डोक्याला पांढरी टोपी, अंगात नवा कडक सदरा, हळदीचे पिवळे डाग हातावर तसेच. आमचे ज्युनियर इंजिनिअर सोनवणे साहेब टेबलामागं बसून पेन्सिलीला टोक करत होते.

"साहेब, आज माह्या पोरीचं लगन हाये," नाना म्हणाले. "गोरजचं. चारशे पाह्यने येऊन राह्यले. पान्याची मोटर बंद, पंखे बंद. तुम्ही काही म्हना, लाइट पाह्यजे."

"नाना, काल चार गावांची लाइन पडलीय," साहेब म्हणाले. "पण माणसं देतो."

मग माझ्याकडं वळून, "किती वेळ लागेल?"

"साहेब, फांदी तोडायची, तार ओढायची, जोडायची. दुपार कलेल."

"गोरजच्या आधी?"

"आधी."

"बोललास हं," साहेब म्हणाले. नानांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. हळद माझ्या हाताला लागली ती दिवसभर तशीच राहिली.

दुपारपर्यंत आम्ही फांदी करवतीनं तोडून बाजूला केली. साहेबांनी सबस्टेशनला फोन करून परमिट घेतलं. परमिट म्हणजे 'या लाइनवर माणूस काम करतोय, विचारल्याशिवाय सुरू करायची नाही' असा लेखी करार. एबी स्विच उघडला, गॅप पाहिला, कुलूप घातलं, चावी खिशात. त्यानंतर चेन. चेन म्हणजे साधी लोखंडी साखळी, एक टोक जमिनीत ठोकलेल्या पहारीला बांधलेलं. ती तिन्ही तारांवर फेकून अडकवायची. चुकूनमाकून लाइनमध्ये करंट आलाच तर तो साखळीवाटे जमिनीत जातो, माणसातून जात नाही. ऑफिसनं आम्हाला एकच चेन दिलेली होती आणि एकच पुरते असं सगळेच धरून चालायचे. करंट येतो कुठून? सबस्टेशनकडून. मग चेन त्या बाजूला टाकायची. पलीकडची बाजू गावाकडची, लाइनचं शेवटचं टोक. तिकडून काय येणार, पाहुणे आणि धूळ.

म्हणजे कागदावर आणि जमिनीवर सगळं चोख होतं. परमिट होतं, गॅप होता, चावी होती, चेन होती. मी पट्टा बांधून खांबावर चढलो.

आता काम असं होतं. माझ्या खांबापासून सबस्टेशनकडची तार शाबूत होती. गावाकडची तुटून खाली केळीच्या बागेत पडलेली. तिच्या टोकाला रघुनाथनं कोरडा सुती दोर बांधला. दोर वरच्या कप्पीतून घेतलेला होता. तो खालून दोर ओढणार, तार हळूहळू वर येणार, माझ्यासमोर आली की मी ती हातानं धरून चिनी मातीच्या चिमणीला बांधणार. चिमणी म्हणजे खांबावरचा तो पांढरा-तपकिरी इन्सुलेटर. तारेला आणि खांबाला एकमेकांपासून दूर ठेवायचं काम तो करतो. म्हणजे पुन्हा गॅपच.

वरून गाव स्पष्ट दिसत होतं. शिवेपासून गाव ते कितीसं लांब, केळीच्या दोन बागा ओलांडल्या की घरं. नानांच्या वाड्यासमोर रंगीत कापडाचा मंडप होता. लाइट नव्हती तरी लाउडस्पीकर चालू होता, कारण मंडपवाल्यानं भाड्याचं जनरेटर आणलं होतं. त्याची धडधड मला वर ऐकू येत होती. लग्नात जनरेटर असणं तेव्हा नवीन नव्हतं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

"ओढ," मी म्हणालो.

रघुनाथनं ओढायला सुरुवात केली. तार केळीच्या पानांतून सरसरत वर आली. गुडघ्याएवढ्या उंचीवर, कमरेएवढ्या, मग माझ्या पायांच्या खाली. "अजून थोडी," मी म्हणालो. तारेचं टोक माझ्या छातीसमोर आलं आणि किंचित हेलकावे खाऊ लागलं. ते हेलकावे थांबायची मी वाट पाहिली. थांबले. मी उजवा हात पुढं केला.

आणि गावातून आवाज आला.

"लाइट आलीऽऽऽ!"

ज्यांनी खेड्यात दिवस काढलेत त्यांना हा आवाज सांगायला नको. एक पोर ओरडत नाही, गल्लीच्या गल्ली ओरडते. रात्रभर लाइट नसली की लोक घरातले दिवे, पंखे चालूच ठेवतात, म्हणजे आली की कळावं. दिवा लुकलुकला की आधी पोरं ओरडतात, त्यांच्यामागं बाया, मग ओट्यावरचे म्हातारेही 'आली का, आली' म्हणतात. आमच्या नोकरीत एवढी एकच दाद मिळायची. दिवसभर मरमर करून आम्ही स्विच ओढला की तो आवाज यायचा आणि मग आम्ही विडी पेटवायचो.

आज मात्र मी स्विच ओढला नव्हता. स्विच उघडा होता. चावी माझ्या खिशात होती, तिचा उंचवटा मला शर्टातून जाणवत होता. मग गावाला लाइट आली कुठून?

मला काही उमजलं असं मी म्हणणार नाही. डोक्याला उत्तर सापडायला नंतर बराच वेळ लागला. हात मात्र जिथं होता तिथं थांबला. तार आणि बोटं यांच्यामध्ये वीतभर जागा होती.

"रघू," मी म्हणालो, "दोर सोड आणि मागं पळ."

"काय व्हयनं, भाऊ?"

"सोड म्हणतो ना!"

रघुनाथनं दोर सोडला आणि मागं उडी मारली. तार सळसळत खाली गेली आणि बागेच्या पाटात पडली. पाटात कालच्या पावसाचं पाणी साठलं होतं. कडाड असा आवाज झाला, निळा उजेड चमकला, पाण्यातून वाफ उठली. त्याच क्षणाला गावातलं जनरेटर आचके देऊन बंद पडलं, लाउडस्पीकरवरची सनई मधेच गळा दाबल्यासारखी थांबली आणि सगळ्या गल्लीतून एकसुरात आवाज आला.

"गेऽऽली!"

त्या आवाजातली निराशा मला अजून आठवते. त्यांची लाइट गेली होती आणि माझा जीव राहिला होता.

मी खांबाला दोन्ही हातांनी मिठी मारून तसाच बसलो. खाली रघुनाथ पाटाकडं बघत उभा होता. तो पुन्हा पुन्हा स्वतःच्या हातांचे तळवे बघत होता.

"भाऊ," तो शेवटी म्हणाला, "मी जित्ता शे ना?"

"आहेस. दोर कोरडा होता म्हणून आहेस."

मी खाली उतरलो. एकदा घसरलो, पट्ट्यानं धरलं. पाणी प्यायलो. मग डोकं चालू लागलं आणि जनरेटरची धडधड आठवली. मला भीती वाटायची ती सगळी वाटून झाली होती, आता राग आला होता. आम्ही दोघं केळीच्या बागेतून सरळ मंडपाकडं निघालो. तारेपाशी कोणी जाऊ नये म्हणून बागेच्या गड्याला लांब उभं केलं.

मंडपात नेहमीची गडबड होती. जनरेटरवाला हँडल मारमारून घामाघूम झाला होता. तेव्हाची जनरेटरं लोखंडी हँडल फिरवूनच चालू करायची. मी आधी त्याच्या हातातलं हँडल काढून घेतलं.

"घरात कुठून दिलंस कनेक्शन?"

"मीटरच्या बोर्डावरून, भाऊ. नाना म्हनले घरातले पंखेबी चालले पाह्यजे. पन मी किटकॅट काढून ठेवली होती ना! काढूनच दिलं कनेक्शन."

किटकॅट म्हणजे मीटरपाशी असणारा पांढरा चिनी मातीचा फ्यूज. तो उपसून काढला की घर आणि बाहेरची लाइन यांचा संबंध तुटतो. तोही एक छोटा एबी स्विचच. जनरेटरवाल्यानं बरोबर केलं होतं. त्यानं त्याच्या बाजूचा गॅप ठेवला होता.

मी आत जाऊन बोर्ड पाहिला. किटकॅट व्यवस्थित खोबणीत बसवलेली.

"ही कोणी बसवली?"

ओसरीवर बाजेवर एक पाहुणा बसला होता. अंगात टेरिकॉटचा सफारी, हातात घड्याळ, पायाशी बूट. हे नानांचे भाचेजावई, सुरतच्या एका गिरणीत कामाला होते. प्रत्येक लग्नात एक असा पाहुणा असतो ज्याला विजेतलं, गाडीतलं आणि कोर्टातलं सगळं समजतं. ते उठून उभे राहिले.

"मीच बसवली," ते अभिमानानं म्हणाले. "वर पडेली होती बोर्डावर. मी म्हटलं, ही अशी पडेली असेल तर लाइट येईल कशी? लगाडली आणि बघा, आख्ख्या गल्लीले लाइट आली!"

गल्लीला लाइट आली खरी. जनरेटरचा करंट घरातून मीटरला, मीटरमधून खांबावर आणि खांबावरून गावच्या ट्रान्सफॉर्मरला गेला. ट्रान्सफॉर्मर अकरा हजाराचे घरगुती चारशे करतो हे सगळ्यांना माहीत असतं. तो उलटा फिरवला की घरगुती करंटचे पुन्हा हजारो करून लाइनवर चढवतो, हे फार कमी लोकांना माहीत असतं. मी सबस्टेशनकडून गॅप ठेवला होता, परमिट घेतलं होतं, चेन टाकली होती. करंट माझ्याकडं आला तो मंडपातून.

हे सगळं मी त्या भाचेजावयांना सांगायला तोंड उघडलं. तोंडात जे शब्द होते ते लग्नघरात शोभणारे नव्हते. तेवढ्यात नाना आले. रघुनाथनं त्यांना बाहेरच गाठून काय झालं ते सांगितलं होतं. त्यांचा चेहरा उतरला होता.

आता नानांची पंचाईत बघा. जावई तो जावई, त्यातून बहिणीच्या पोरीचा, त्यातून सुरतहून आलेला. लग्नात जावयाला बोललात तर लग्न राहतं बाजूला आणि जावयाची समजूत काढायला अर्धा गाव लागतो. माझ्याकडं बघून नानांनी हात जोडले, ते हात तसेच ठेवून भाचेजावयांकडं वळले.

"जावईबापू," ते म्हणाले, "एक काम तुमच्याशिवाय कोनाले जमनार नाही."

"बोला ना, मामा."

नानांनी माझ्या हातातलं हँडल घेतलं आणि दोन्ही हातांनी त्यांच्या हातात दिलं. "हे तुमच्या हवाली. वायरमनभाऊ सोता येऊन मांगत नाही तोवर कोनाले देऊ नका. मी मांगलं तरी नाही. नवरदेवाच्या बापानं मांगलं तरी नाही."

भाचेजावई एकदम गंभीर झाले. काय बिघडलं होतं ते त्यांना तेव्हा नीट समजलं की नाही देव जाणे, पण जबाबदारी समजली. हँडल मांडीवर आडवं घेऊन ते बाजेवर बसले, नवरदेवाच्या कट्यारीपेक्षा जास्त ऐटीत. किटकॅट मी उपसून माझ्या खिशात घातली. एबी स्विचची चावी आणि किटकॅट एका खिशात वाजायला लागल्या.

मग नाना मंडपात गेले. उन्हं कलली होती पण मंडप अजून तापलेला. लाउडस्पीकर बंद, पंखे बंद, बायका पदरानं वारा घेत होत्या, पोरं रडत होती. नवरदेवाकडची मंडळी येऊन जानवशात टेकली होती आणि त्यांच्याकडून निरोपावर निरोप येत होते. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, वायरमनभाऊ, जनरेटर तरी चालू द्या, फक्त मंडपापुरतं. मीही कदाचित हो म्हटलं असतं. किटकॅट माझ्या खिशात होती, धोका काही उरला नव्हता.

नाना मधोमध उभे राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, "मंडळी, आपल्या लाइटसाठी दोन मानसं खांबावर चढून राह्यले. त्याइच्या घरीबी लेकरं आहेत. ते उतरीस्तोवर या घरात काहीच चालू होनार नाही. उकडू द्या."

जानवशातून निरोप यायचे थांबले. एका म्हाताऱ्या अक्कानं नवरीला घातलेला वारा थांबवून माझ्याकडं हातपंखा पुढं केला. मी खांबावर पंखा घेऊन काय करणार, पण नको म्हणवेना. घेतला आणि रघुनाथकडं दिला.

आम्ही परत निघालो तेव्हा नानांनी हाक मारली. गोठ्यात जाऊन ते गायीची साखळी घेऊन आले. "तुमची एक साकळी सबस्टेशनकडं टाकेल आहे म्हने. ही गावाकडं टाका."

रघुनाथनं त्यांना चेनचं कधी सांगितलं मला माहीत नाही. मी ती साखळी घेतली. गावच्या ट्रान्सफॉर्मरपाशी थांबून तिथले फ्यूज दांडीनं उतरवले, म्हणजे गाव आणि लाइन यांच्यात आणखी एक गॅप झाला. मग शिवेवर येऊन गावाकडच्या तारांवर ती साखळी टाकली. पुन्हा खांबावर चढलो. या खेपेला तार समोर आली तेव्हा हात पुढं न्यायला वेळ लागला, हे कबूल केलं पाहिजे. खालून रघुनाथ म्हणाला, "भाऊ, बठ्ठ मोकळं शे. मी इथंच शे." मग धरली.

तार बांधून झाली. साखळ्या काढल्या, मोजल्या, फ्यूज चढवले. एबी स्विचपाशी येऊन कुलूप उघडलं. साहेब जीप घेऊन तिथंच थांबले होते, मी कुलूप उघडत होतो तेवढ्यात त्यांना रघुनाथनं सगळं सांगितलं. त्यांनी परमिट परत केलं, मला मान हलवून खूण केली. मी हँडल वर ढकललं. तिन्ही पात्या खोबणीत बसल्या.

तिथून गाव बरंच लांब, पण वारा आमच्याकडं येणारा होता. आवाज आला.

"लाइट आलीऽऽऽ!"

मी आयुष्यात तो आवाज किती वेळा ऐकला असेल कोण जाणे. त्या दिवशी मात्र हँडल धरूनच मला रडू फुटलं. साहेब जीपकडं तोंड करून उभे राहिले आणि रघुनाथ हातपंख्यानं मला वारा घालू लागला.

किटकॅट परत द्यायला आम्ही मंडपात गेलो तेव्हा गोरज झालीच होती. भाचेजावयांनी मला ओळखून, खात्री करून मगच हँडल दिलं. नानांनी आम्हाला जाऊ दिलं नाही. घामानं माखलेले, हातांना ग्रीस लागलेले आम्ही दोघं पहिल्या रांगेत उभे. अंतरपाट धरला. मंगलाष्टकं सुरू झाली आणि नवरा-नवरी त्या एवढ्याशा कापडाच्या दोन बाजूंना मान खाली घालून उभी होती. दोन बाजूंच्या दोन माणसांनी कापड घट्ट धरलं होतं आणि भटजींनी सांगितल्याशिवाय ते खाली करत नव्हते. मला फार बरं वाटलं. अक्षता मी जरा जास्तच जोरात टाकल्या.

जेवायला वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी होती. निघताना नानांनी आम्हाला सोयऱ्यांसारखी टोपी आणि टॉवेल दिला. साखळी परत करायला गेलो तर म्हणाले, "राहू द्या. गायीले दुसरी आहे." मी त्यांच्या पाया पडलो. ते मागं सरकले, म्हणाले, "आरे, उलटं व्हतं हे. पाप माह्या घरात झालं व्हतं."

"नाना," मी म्हणालो, "तुमच्या घरामुळं संकट आलं हे खरं. पण तुमच्या गल्लीतल्या पोरांनी वाचवलं. हिशोब फिटला."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात साहेबांना विचारलं, "रिपोर्टात काय लिहू?"

"झाडाची फांदी पडून तार तुटली होती. जोडून पुरवठा सुरळीत केला."

"आणि बाकीचं?"

साहेबांनी पेन्सिल खाली ठेवली. "बाकीचं नवीन पोरांना तोंडी सांगत जा. रिपोर्ट कोणी वाचत नाही." आणि त्या महिन्यात त्यांनी आमच्या सगळ्या गँगना दोन-दोन चेन मिळवून दिल्या. मी मात्र नोकरी संपेपर्यंत गावाकडच्या बाजूला नानांच्या गायीचीच साखळी टाकली.

साहेबांचं ऐकून मी नवीन पोरांना सांगत आलो. गॅप दोन असतात. एक सबस्टेशनकडचा, त्याला कुलूप आहे, त्याची चावी आपल्या खिशात. दुसरा गावाकडचा. त्याला कुलूप नाही. त्यासाठी चढण्याआधी गावात एक चक्कर मारायची, कुठं जनरेटर आहे का बघायचं, मंडपात जाऊन चहा प्यायचा आणि घरात कोण हुशार पाहुणा आलाय त्याची चौकशी करायची. पोरं हसायची. हसली तरी लक्षात ठेवायची, हे महत्त्वाचं.

आता रिटायर होऊन धुळ्यात असतो. घरोघरी इन्व्हर्टर आलेत. लाइट जाते कधी, येते कधी, नातवंडांना पत्ता लागत नाही. गल्लीत कोणी ओरडत नाही. म्हणून मी ओरडतो. लाइट आली की ओट्यावर येऊन छातीत हवा भरून ओरडतो, "लाइट आलीऽऽऽ!" सुनेला लाज वाटते. शेजारचे मास्तर पेपर खाली करून बघतात. बायको आतून म्हणते, "अहो, कळलं सगळ्यांना."

सगळ्यांना कळलं असेल. पण कुठंतरी खांबावर कोणाचा तरी हात पुढं झालेला असेल, त्याला ऐकू गेलं पाहिजे.